बहिणीच्या गोष्टीतला फौजी

आमच्या गावच्या शाळेत मागच्या वर्षी झेंडावंदनाला मला बोलावलं होतं. कार्यक्रम संपला, लेकरं बुंदीचे पुडे घेऊन पांगली, तेव्हा एक बाई माझ्यापाशी आली. तिचा नवरा फौजेत, सुट्टीवर घरी आलेला. पदर तोंडाशी धरून ती म्हणाली, "भाऊ, ते घरात असून घरात न्हाईत बघा. भिंतीकडं बघत बसतात. लेकरू जवळ गेलं की दचकतात. तुमाला बी असंच झालतं म्हणतात. तुमी कसे निघालात त्यातून?"

उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नव्हतं. ज्या डॉक्टर मॅडमनी माझ्यावर उपचार केले त्यांचं नाव मी तिला दिलं आणि घरी आलो. पण तिचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून हे लिहितो आहे. तिच्यासाठी, तिच्या नवऱ्यासाठी, आणि त्याला बहीण असेल तर तिच्यासाठीही. कारण माझ्या आजारात माझ्याइतकीच माझी बहीण होरपळली, आणि आम्ही दोघं त्यातून बाहेर आलो ते एका रचलेल्या गोष्टीचं बोट धरून.

पिवळ्या रानावरचा बर्फ

मी माधव. राहणार कुरुंदा. घरी आबा, आई आणि माझ्याहून लहान कुसुम. शेतात हळद आणि थोडा कापूस. बारावी झाली, भरतीत निवड झाली आणि मी डोंगरातल्या एका चौकीवर जाऊन पोचलो. वर्षातले बरेच महिने तिथं बर्फ असायचा. तिथंच तोफगोळ्यांच्या एका माऱ्यात माझा खांदा फुटला आणि उजव्या कानाचं ऐकणं गेलं. फौजेच्या दवाखान्यात खांदा जुळला, कान नाही जुळला. मग मला नोकरीतून मोकळं केलं.

गावानं हार घालून घरी आणलं. मी हसून सगळ्यांना हात करत होतो म्हणतात. मला त्यातलं काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की सगळं एका पातळ पांढऱ्या पडद्यामागं चाललं होतं. आईचे ओठ आधी हलायचे, शब्द मागून यायचे. हाताला भाकरीचा चटका बसायचा, पण तो हात दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा वाटायचा.

तो हळदीचा पाला वाळायचा काळ होता. पिवळी पडलेली पानं रानात आडवी झालेली, आणि त्यांच्यावर मला बर्फ पडताना दिसायचा. भर दुपारी, डोळे उघडे असताना. त्याची भीती वाटायची नाही. उलट छान वाटायचं. हलका हलका, आवाज न करता उतरणारा बर्फ, आणि मी बांधावर उभा. आई हाक मारून मारून थकायची. तिला वाटायचं, पोरगं दमलंय, आराम करून राहिलंय. आजार असा गोड तोंडानंही घरात येतो, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

झोप मात्र गेली होती. डोळा लागला की कड्यावरून पडल्यासारखं व्हायचं आणि मी उठून बसायचो. हळूहळू मी झोपायचं सोडूनच दिलं.

राखण

लहानपणी कुसुम माझ्या पाठीवर बसून कालव्यापर्यंत यायची. चालून दमायची म्हणून नाही, उंचावरून जग बघायला तिला आवडायचं म्हणून. मी भरतीला निघालो त्या सकाळी तिनं माझे बूट भुशाच्या पोत्यात दडवून ठेवले होते. ते सापडेपर्यंत आबांनी सगळं घर डोक्यावर घेतलं, आणि ही दारात बसून खुशाल शेंगा खात होती. अशी आमची कुसुम.

मी परत आलो तेव्हा ती गावातल्या अंगणवाडीत सेविका होती. आणि मी तिची राखण करायला लागलो.

सकाळी ती निघाली की मी मागं. तिच्या आधी अंगणवाडीत शिरून कोपरे बघायचे, पत्रे बघायचे. ती खिडकीजवळ उभी राहिली की बाहेरून सांगायचं, "तिथं नको, आत सरक." मग दिवसभर ओट्यावर बसून रस्त्याकडं नजर. तिनं वसमतला जायचं नाव काढलं की मी दारात आडवा उभा राहायचो. गर्दीची जागा, चारी बाजूंनी उघडी. मी तिला जाऊच द्यायचो नाही.

आधी ती हसायची. "दादा, हितं कोण हल्ला करून राहिलं? म्हशी?"

नंतर तिचं हसू बंद झालं. लेकरांच्या आया तिला विचारायला लागल्या, तुझा भाऊ असा काहून बसतो? आबा आईला म्हणायचे, "एवढं वाघासारखं पोरगं, अन् बहिणीच्या मागं मागं फिरून राहिलं. लोकं काय म्हणतील?"  माझ्या ताटात भाकरी वाढताना आईचा हात जरा थांबायचा, एवढंच.

मला मात्र हे प्रेमच वाटत होतं. तिला एकदा विचारावं, हेही सुचलं नाही.

वाफ

हळद शिजवायच्या दिवसांत वसमतहून रशीदचाचा त्यांचा कुकर घेऊन आमच्या शेतात येतात. ट्रॉलीवर पाण्याची मोठी टाकी, तिच्याखाली भट्टी, आणि टाकीतली वाफ नळ्यांतून हळदीनं भरलेल्या ड्रमांत सोडायची. माझ्या आजोबांच्या वेळी त्यांचे वडील हळद उकळायची मोठी काहिली घेऊन यायचे. त्यामुळं ते आमच्या घरचेच.

त्या सकाळी मी ड्रमापाशी उभा होतो. ओल्या हळदीचा कडवट, मातकट वास आणि सगळीकडं पांढरी वाफ. माणसं तिच्यात जायची, नाहीशी व्हायची, पुन्हा निघायची. मला वाटलं, धुकं उतरलंय. आता चौकी दिसणार नाही. तेवढ्यात कुसुम चहाची किटली घेऊन आली आणि माझ्यापासून जरा अंतरावर उभी राहिली. ती हसून चाचांना काहीतरी म्हणत होती.

आणि कुकरची वाफ मोठा आवाज करून सुटली.

पुढचं मला लोकांनी सांगितलं. मी झेप घेतली, तिला खाली पाडलं आणि तिच्या अंगावर आडवा झालो. तिचा हात खाली दगडांत सापडला होता. ती ओरडत होती. मी तिचं डोकं मातीत दाबून धरलं होतं आणि हिंदीत म्हणत होतो, "सर नीचे रख, सोहन, सर नीचे." चाचांनी आणि आबांनी मला ओढून बाजूला केलं तरी माझी मूठ तिच्या ओढणीवरून सुटत नव्हती.

यात सगळ्यात अवघड गोष्ट सांगतो. त्या क्षणी मला फार बरं वाटत होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा छाती मोकळी झाली होती. वाचवलं, असं वाटत होतं.

मग वाफ विरली आणि मला तिचा चेहरा दिसला. हळदीच्या चिखलानं माखलेला. ती माझ्याकडं बघत होती, आणि ते बघणं मी आधी कधीच पाहिलं नव्हतं. तिला माझी भीती वाटत होती.

चाचांच्याच टेम्पोतून आम्ही वसमतला गेलो. कुसुम आईच्या पलीकडं, अगदी दाराला चिकटून बसली. चाचा गाडी चालवता चालवता सारखं म्हणत होते, "माझ्या मशीननं झालं बेटा. तुला तकलीफ झाली. मला ध्यानात यायला पायजे होतं." त्यांची काहीच चूक नव्हती. 

निदानाचा दिवस

हाडाच्या डॉक्टरांनी प्लास्टर घालता घालता विचारलं, कसं झालं? कुसुम म्हणाली, "पडले." मी दारातून म्हणालो, "मी पाडलं." डॉक्टरांनी आमच्या दोघांकडं पाहिलं, आणि आबांना बाजूला घेऊन नांदेडच्या मनाच्या डॉक्टरांकडं जायला सांगितलं.

आबा आधी तयारच नव्हते. फौजी पोरगा आणि असल्या दवाखान्यात? आईनं गाठोडं बांधलं आणि म्हणाली, "तुमी येऊ नका. मी नेते." मग ते आले.

डॉक्टर मॅडम बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, बोलताना चष्मा हातात धरणाऱ्या. त्यांनी लढाईचं काही विचारलं नाही. म्हणाल्या, "झोप लागते का?"

एवढाच प्रश्न. आणि मी रडायला लागलो. हुंदके देऊन, लहान लेकरासारखा. आबा खिडकीबाहेर बघत राहिले.

मग मॅडमनी समजावून सांगितलं. जे सोसलं त्याचा घाव मनावर राहतो, आणि जीव धोक्यात असल्यासारखं शरीर सावधच राहतं. पुष्कळ सैनिकांना होतं. औषध आहे, बोलणं आहे, वेळ लागतो. मला शब्द थोडेच कळले. पण याला नाव आहे आणि हे आणखी कुणाला तरी झालेलं आहे, एवढं ऐकून पायाखाली जमीन आल्यासारखं वाटलं.

आबा म्हणाले, "म्हंजी येड लागलंय असंच ना?"

"याचा खांदा फुटला तेव्हा तुम्हाला लाज वाटली होती का?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई. लाज कशाची?"

"मग याची का वाटावी?"

आबा उठून बाहेर गेले. मला वाटलं, गेले आता बस धरायला. थोड्या वेळानं उसाच्या रसाचा पेला घेऊन आले. तो माझ्या हातात दिला आणि मी पिऊन होईपर्यंत शेजारी उभे राहिले. त्यांना जे बोलता येत नव्हतं ते त्यांनी अशा तऱ्हेनं केलं, आणि मला ते पोचलं.

वॉर्डातले दिवस

मला भरती करून घेतलं. सकाळी चहा, गोळ्यांची रांग, मग अंगणात चालणं, दुपारी मॅडम यायच्या. गोळ्यांनी अंग जड व्हायचं. दिवस पाण्याखालून बघितल्यासारखे जायचे. कडुलिंबाची सावली भिंतीवर सरकत जायची आणि मी तिच्याकडं बघत बसायचो. कधी त्या भिंतीवर चौकी दिसायची, कधी आमचा कालवा. कुठलं खरं, हे ठरवायची घाई मला नव्हती.

तिथल्या एका सिस्टर फार चांगल्या होत्या. त्या पलंगाजवळ येण्याआधी दारातूनच सांगायच्या, "माधव, मी येतेय बरं का." त्या मला कधी न सांगता शिवल्या नाहीत. आजारी माणसाला कशाचा आधार वाटेल हे सांगता येत नाही. मला त्या हाकेचा वाटायचा.

कुसुम एकदा भेटायला आली. प्लास्टरचा हात गळ्यात बांधलेला. मी म्हणालो, "बस ना." ती पलंगाच्या पार टोकाला बसली, पाय जमिनीवर टेकवून, कधीही उठता येईल अशी. आम्ही हवापाण्याचं बोललो. ती गेल्यावर मी आईला म्हणालो, "ती माझ्याशी पूर्वीसारखं बोलत न्हाई."

आई माझे केस विंचरत होती. म्हणाली, "ती भ्येली हाय, लेकरा. तू आजारी हायेस, पर तिचा बी हात मोडलाय. तिला बी वेळ दे."

तोवर मी फक्त माझ्याच आजाराचा विचार करत होतो.

अंगणवाडीच्या बाहेर

घरी सोडताना मॅडम म्हणाल्या, "त्या दिवशी चौकीवर काय झालं, ते कुणाला तरी सांगा. मला नाही तर घरच्या कुणाला." मी हो म्हणालो. पण कुणापाशी बसलो की दुसरंच काहीतरी बोलायचो.

कुसुमनं आता मला एक अट घातली होती. मागं यायचं असेल तर ये, पण ओट्यावर नाही, समोरच्या कडुलिंबाखाली बसायचं. मी तिथं बसायचो. डाव्या कानानं मला आतलं सगळं ऐकू यायचं.

एका सकाळी ती लेकरांना गोष्ट सांगायला लागली. "एक व्हता भाऊ, एक व्हती बहीण. भाऊ लई लांब गेला. लढाईला. तिथं नुसता बर्फ."

"गोळेवाल्याचा?" एका पोरीनं विचारलं.

"व्हय, पर गोड न्हाई. मंग एक दिवस भाऊ घरी आला. बहिणीनं ओवाळलं. पर बघती तर काय, भाऊ आला अन् त्याचं हसू तिकडंच ऱ्हायलं."

"मंग?"

"मंग बहीण म्हणली, दादा, तुझं हसू कुठं हाय? तर त्याला ऐकूच जाईना. त्याच्या कानात डोंगर गरजत व्हता."

मी लिंबाखालून उठलो. दारापर्यंत गेलो आणि बाहेरूनच म्हणालो, "डोंगर गरजत न्हाई. डोंगर गप असतो."

 लेकरं माझ्याकडं बघायला लागली. कुसुम पण. मग ती लेकरांकडं वळून, जणू काही विशेष घडलंच नाही अशा आवाजात म्हणाली, "बराबर. माझं चुकलं. डोंगर गप असतो. मंग आवाज कशाचा व्हता, ते आपण भावाला इचारू."

 मी पळून गेलो नाही. दारात उभा राहिलो.

बेणं निवडताना

मे महिन्यात आम्ही दुपारी पडवीत बसून लावणीसाठी हळदीचं बेणं निवडायचो. चांगले गड्डे एकीकडं, किडके एकीकडं. कुसुमचं प्लास्टर निघालं होतं, पण मनगट अजून दुखायचं, म्हणून ती डाव्या हातानं निवडायची. आमच्या दोघांमध्ये बेण्याचा ढीग असायचा. तेवढं अंतर तिला लागायचं.

मी तिला विचारलं, "ती गोष्ट कुठल्या पुस्तकातली?"

"कुठल्याच न्हाई. वाचनालयातली लई पुस्तकं धुंडाळली मी, तू दवाखान्यात असताना. गोष्टीत भाऊ परत येतो, न्हाईतर येत न्हाई. आला की बहीण ओवाळती अन् गोष्ट सरती. परत येऊन बी न आलेला भाऊ मला कुठं घावला न्हाई. म्हणून मीच रचून राहिले." तिनं एक गड्डा झटकला. "पर पुढं सुचत न्हाई. भावानं तिथं काय बघितलं, ते बहिणीला कसं कळणार?"

ऊन पत्र्यावर तापलं होतं. लांब कुणाचं तरी हळदीला पॉलिश करायचं ड्रम घरघर फिरत होतं. त्या घरघरीत, त्या पिवळ्या धुळीत मला वाटलं, हे मी नाहीच. कुठल्या तरी गोष्टीतला भाऊ आहे. त्याचं सांगायला काय हरकत आहे?

"त्या भावाला एक जोडीदार व्हता," मी म्हणालो. "सोहन नावाचा. डोंगरातलाच पोरगा. लई बोलायचा. त्याला बी बहीण व्हती. तिच्या लग्नाचंच सांगत व्हता तो त्या सकाळी."

कुसुमचा हात थांबला नाही. ती निवडत राहिली. त्याचे मी आजही तिचे उपकार मानतो. तिनं मान वर केली असती तर मी गप्प झालो असतो.

"धुकं व्हतं. सोहन चहाचा मग घेऊन बाहेर उभा. भाऊ आत, दारापाशी. हात लांबवला असता तर त्याची बाही हाताला लागली असती. अन् सोहन हसून राहिला व्हता. मंग आवाज झाला. मंग सगळं पांढरं."

"मंग?"

"मंग भाऊ दवाखान्यात व्हता. अन् सोहन न्हवता."

ड्रमाची घरघर थांबली. कुसुमनं हातातला गड्डा खाली ठेवला.

"म्हणून तू मला खाली पाडलंस," ती म्हणाली.

तिनं 'भाऊ' म्हटलं नाही, 'तू' म्हटलं. मी मान हलवली. "त्याला पाडता आलं न्हाई."

ती तिच्या जागेवरून उठली नाही, मला जवळ घेतलं नाही. बराच वेळ रडत राहिली, तिथंच. मग तिनं ढिगावरून हात पुढं केला, तोच दुखरा हात, आणि म्हणाली, "दादा, मी तुझा हात धरून राहिले बरं का." आधी सांगितलं आणि मग धरला.

शेवट कसा करायचा

त्यानंतर ती गोष्ट आमच्या घरात रोज थोडी थोडी पुढं जायची. कधी मी सांगायचो, कधी ती. गोष्टीत मला सगळं बोलता यायचं. भावाला बर्फ का आवडतो, त्याला गर्दीत का गुदमरतं. तीही बोलायची. एकदा म्हणाली, "बहिणीला राग बी येतो. भाऊ आजारी हाय म्हणून तिनं रागवायचं बी न्हाई का? रात्रंदिस शहाणं राहायचं?" मी म्हणालो, "रागव म्हणा तिला." ती म्हणाली, "सोपं न्हाई ते. अजून बी त्यो मागून आला की तिच्या अंगावर काटा येतो." हे ऐकणं जड गेलं. पण ती हे मला सांगू शकली, याचं समाधानही वाटलं.

भांडण झालं ते शेवटावरून. मी म्हणालो, भावानं शेतातल्या खोपीत जाऊन राहावं. बहीण सुखात राहील.

कुसुम ताडकन उठली. "तुझ्या गोष्टीत बहिणीला कुणी इचारलंच न्हाई!"

"तिच्याच भल्यासाठी..."

"आधी तिच्या भल्यासाठी मागं मागं फिरायचं, आता तिच्या भल्यासाठी निघून जायचं. तिला काय पायजे ते तिला म्हाईत हाय. तिला राखणदार नको, भाऊ पायजे."

आई चुलीपुढून बोलली. "सांगून टाक त्याला, कुसुम. गोष्टीत कशाला सांगती?"

तेव्हा मला कळलं. तिनं अंगणवाडी पर्यवेक्षिकेची परीक्षा दिली होती, पास झाली होती, आणि तिची नेमणूक लातूरकडं झाली होती. तिनं कुणालाही कळवलं नव्हतं, फक्त आईला. ती जागा ती सोडून देणार होती. कारण मी.

माझ्या छातीत ते जुनं धडधडायला लागलं. लातूर. अनोळखी रस्ते, अनोळखी खोली, दार कुणी बघायचं? मॅडमनी शिकवल्याप्रमाणं मी पाय जमिनीवर घट्ट टेकवले, सारवलेल्या भुईचा गारवा तळव्यांना लागू दिला आणि श्वास सोडत राहिलो. आबा माझ्याकडं बघत होते. कुणी काही बोललं नाही, आणि ती त्यांची मोठी मदत होती.

बोलता आलं तेव्हा मी म्हणालो, "जा तू."

"तुला जमंल?"

"म्हाईत न्हाई. पर तू जा."

वसमतचा स्टँड

ती गेली तेव्हा आमच्या हळदीला कोंब फुटून हातभर पानं झाली होती. मी तिला सोडायला वसमतच्या स्टँडवर गेलो. गर्दी होती, भोंगे वाजत होते. रशीदचाचा तिथं भेटायला आले होते, कुसुमसाठी केळी घेऊन. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि काही न विचारता माझ्या बहिऱ्या बाजूला येऊन उभे राहिले.

लातूरची गाडी लागली. मला वाटत होतं, आत चढून बाकांखाली बघावं. मी बघितलं नाही. कुसुम खिडकीशी बसली. मी म्हणालो नाही, की आत सरक.

"गोळ्या घेत जा," ती म्हणाली.

"व्हय."

"अन् दादा, मला तुझी अजून थोडी भीती वाटती. खोटं कशाला बोलू? पर तुझ्यावाचून करमणार बी न्हाई."

गाडी निघाली. मी ती वळेपर्यंत थांबलो, चाचांचा निरोप घेतला आणि कुरुंद्याची गाडी धरली.

इथं थांबून, शाळेत भेटलेल्या त्या बाईला आणि तिच्यासारख्या सगळ्यांना एवढंच सांगतो. मी पूर्ण बरा झालो असं नाही. दिवाळीत फटाके सुरू झाले की अजून कानात बोळा घालून शेतात जातो. गोळ्या कमी झाल्यात, बंद नाहीत. बहिणीशी नातं पूर्वीचं राहिलं नाही. ती आता पूर्वीसारखी माझ्या पाठीवर थाप मारत नाही, मी तिची वाट अडवत नाही. पण पूर्वी आम्ही न बोलता एकमेकांना ओळखायचो, आता बोलून ओळखतो. तुमच्या माणसाला बोलता येत नसेल तर त्याला दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट सांगू द्या. आणि डॉक्टरांकडं न्या. दोन्ही लागतं.

आता त्या दुपारचं राहिलेलं सांगतो. गाडीत खिडकीशी जागा मिळाली. वारा येत होता, बाहेर हिरवी रानं सरकत होती. त्यांच्यावर बर्फ पडत नव्हता. नुसती हिरवी रानं. मी त्यांच्याकडं बघत होतो, एवढंच आठवतं.

"ओ पाव्हणं, गाडी हितंच थांबती. पुढं जात न्हाई," कंडक्टर समोरून ओरडत होता.

मी डोळे उघडले. गाडी रिकामी होती. कुरुंदा कधीच मागं गेलं होतं. भर दुपारी, अनोळखी माणसांच्या गर्दीत, मी गाढ झोपलो होतो.

खाली उतरून मी कुसुमला फोन लावला.

"काय झालं?" ती घाबरून म्हणाली. "कुठं हायेस?"

"पार पुढच्या गावात. उतरायचं ऱ्हायलं. झोप लागली."

 मग ती हसायला लागली. आधी हळू, मग मोठ्यानं, तिच्या गाडीतली माणसं बघत असतील याची पर्वा न करता. फोन डाव्या कानाला लावून मी कुरुंद्याच्या वाटेनं मागं चालायला लागलो. ती हसत राहिली, मी चालत राहिलो.